'अॅट राइट अँगल्स'चे पुलआउट आणि शंभर मण्यांची माळ: नऊ महिने वर्गात वापरून

कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात सरकारी मराठी शाळेत शिकवते. नली-कली या इथल्या सरकारी शाळांतल्या कृतीतून शिकवायच्या पद्धतीमुळं पहिली ते तिसरी एकाच खोलीत. गणित कसं शिकवायचं यावर ट्रेनिंगं पुष्कळ केली, पण तिथं खेळ मिळतात, मूल कुठं अडकलंय ते कळत नाही. जूनपासून अझीम प्रेमजी युनिव्हर्सिटीच्या 'अॅट राइट अँगल्स' मासिकातले पुलआउट, म्हणजे वेगळ्या काढून वापरायच्या पुरवण्या, वापरतेय. प्राथमिकच्या एकेका विषयावर पद्मप्रिया शिराली यांनी लिहिलेत, स्थानिक किंमत, वजाबाकी, अपूर्णांक वगैरे, पीडीएफ फुकट मिळतात. जोडीला गणितमाळ, दिल्लीच्या जोडो ज्ञानची असते तशी, शंभर मणी, दर दहाला रंग बदलतो. मी मणी आणून घरीच ओवली.

माझ्यात काय बदललं ते सांगते. तिसरीतल्या एका पोरीनं ४२ वजा १७ बरोबर ३५ लिहिलं. आधी मी लाल फुली मारून पुढं गेले असते, यावेळी शेजारी बसून विचारलं, कसं काढलीस गं? म्हणाली, "टीचर, सातातनं दोन गेले पाच, चारातनं एक गेला तीन. मोठ्यातनं लहान घालवायचं ना?" हे वाक्य पहिलीत मीच तिला शिकवलेलं! मग माळेवर १७ ला एक चिमटा लावला, ४२ ला दुसरा, म्हटलं मधलं मोज. तीन मणी सरकवून २० वर आली, मग दोन रंग अख्खे म्हणजे वीस, वर दोन. पंचवीस. आता तेच वहीत रिकाम्या संख्यारेषेवर उड्या काढून करते, हातच्याचं नंतर बघू म्हटलं.

दुसरी गोष्ट आपल्या भागातल्या शिक्षकांनी जरूर करून बघा. पस्तीस म्हटलं की पोरं ५३ लिहितात, एकोणतीसला तर ३९ सुद्धा, कारण मराठीत एकक आधी ऐकू येतो आणि एकोण म्हणजे एक कमी हे त्यांना कोण सांगणार. कन्नडमध्ये मूवत्तैदु, म्हणजे मूवत्तु तीस आणि ऐदु पाच, जसं म्हणतो तसंच लिहायचं. बाजारात, बसमध्ये पोरं हे रोज ऐकतात की! म्हणून मी ३० चं कार्ड ठेवून त्याच्या शून्यावर ५ चं ठेवते, आधी कन्नडमध्ये म्हणायला लावते, मग पस्तीस. २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं आलं तेव्हा केवढा वाद झाला, आपल्याकडं तर ती सोय शेजारच्या भाषेतच आहे. दिवाळीपर्यंत उलटं लिहिणारे दोघंच राहिले.

अडचणी आहेत. मी वाचते ते सगळं इंग्रजीत, रविवारचे दोन तास मराठीत उतरवण्यात जातात आणि तीन इयत्ता एकत्र असल्या की कुणाला काय द्यायचं ते आपलं आपणच बसवावं लागतं. अपूर्णांकात कागदाच्या घडीनं अर्धा, पाव छान झालं, तीन सारखे भाग मात्र लहान हातांना जमेनात, तिथं मी आधीच आखलेल्या पट्ट्या दिल्या.

मणी बेळगावात गणपत गल्लीत मिळतात, एका डझन पोरांत एक माळ पुरते. दोरा नायलॉनचाच घ्या, माझा पहिला सुताचा होता, आपल्याकडच्या पावसात फुगला आणि मणी सरकेनात.