ऑस्ट्रेलियन रग्बी : आड भरलेला, पोहरा गळका

सिडनीत हिवाळ्यात रग्बी पाहायची म्हटले तर प्रेक्षकाला तीन ठिकाणी तिकीट काढता येते. पहिले ठिकाण म्हणजे उपनगरी क्लबांची ‘शूट शिल्ड’ ही स्पर्धा. दुसरे, मूर पार्कच्या स्टेडियमवर होणारे सुपर रग्बी पॅसिफिक या आंतरराष्ट्रीय व्यावसायिक स्पर्धेचे सामने, ज्यांत न्यू साउथ वेल्सचा वाराटाज हा संघ खेळतो. तिसरे, होमबुशच्या भव्य मैदानावर राष्ट्रीय संघ वॉलबीज खेळतो ते कसोटी सामने. या तिन्ही ठिकाणी मी कित्येक हंगाम पदरचे पैसे मोजून बसत आलो आहे, आणि या शहरात नव्याने आलेल्या किंवा वर्षानुवर्षे राहूनही क्रिकेटच्या पलीकडे न गेलेल्या मराठी मंडळींसाठी हा अभिप्राय लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: या खेळात तिकीट जितके महाग, तितके समाधान बेभरवशाचे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. इथे मात्र आड काठोकाठ भरलेला आहे आणि पोहऱ्यालाच भोके पडली आहेत.

आधी एक खुलासा आवश्यक आहे. सिडनीतले लोक नुसते ‘फुटी’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा रग्बी लीग असते, जी तेरा खेळाडूंची आहे आणि ऑस्ट्रेलियात १९०७-०८ च्या सुमारास पैशांच्या वादातून मूळ खेळापासून वेगळी झाली. मी लिहितो आहे ते पंधरा खेळाडूंच्या रग्बी युनियनबद्दल, ज्यात स्क्रममध्ये चेंडूसाठी खरीखुरी रेटारेटी होते आणि लाइनआउटमध्ये खेळाडूंना हवेत उचलून चेंडू झेलला जातो. लीग हा कामगार वस्त्यांचा आणि युनियन हा महागड्या खासगी शाळांचा खेळ, ही जुनी विभागणी आजही पुष्कळ अंशी टिकून आहे, आणि युनियनच्या बऱ्याच दुखण्यांचे मूळ तिथेच सापडते.

क्लब रग्बीपासून सुरुवात करणे सर्वांत चांगले. शूट शिल्डला १९२३ पासूनची परंपरा आहे आणि सध्या तीत बारा संघ खेळतात. १८६३ मध्ये स्थापन झालेला आणि देशातला सर्वांत जुना मानला जाणारा सिडनी विद्यापीठाचा क्लबही त्यांत आहे. एकच मैदान सुचवायचे झाले तर मी रँडविक क्लबचे कूजी ओव्हल सुचवेन. रस्ता ओलांडला की समोर समुद्र, वारा कायम अंगावर येणारा, आणि मैदानाच्या कडेला खेळाडूंपासून हातभर अंतरावर उभे राहता येईल इतकी मोकळीक. सकाळपासून खालच्या ग्रेडचे सामने एकामागून एक सुरू असतात आणि दुपारी तीनच्या सुमारास फर्स्ट ग्रेडचा संघ उतरतो. तोवर सकाळी खेळून झालेली मुले गुडघ्याला बर्फ बांधून, पावातले सॉसेज खात, आपल्याच क्लबच्या वरिष्ठ खेळाडूंना मोठमोठ्याने सल्ले देत कडेला उभी असतात.

इतक्या जवळून पाहिल्याशिवाय स्क्रम म्हणजे काय हे कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दूरचित्रवाणीवर तो खेळ थांबवणारा कंटाळवाणा प्रकार वाटतो. कूजीला मात्र पंचांचे ‘क्राउच, बाइंड, सेट’ हे शब्द ऐकू येतात, पुढच्या फळीतला प्रॉप समोरच्याची जर्सी कुठे पकडतो आहे ते दिसते, आणि दोन्ही बाजूंचे आठ-आठ जण एकमेकांवर आदळतात तेव्हाचा आवाज छातीत जाणवतो. जुलैच्या थंडीत त्या सोळा जणांच्या पाठींवरून वाफ निघत असते. कोणाचा खांदा आधी खचला, कोणाचे पाय मागे घसरले, हे पाहून पेनल्टी कोणाला मिळणार ते पंचांच्या शिटीआधी ओळखण्यात शेजारचे म्हातारे गृहस्थ कधी चुकत नाहीत. त्यांच्याजवळ उभे राहिल्यास हा खेळ फुकटात शिकायला मिळतो.

रँडविकची गोष्ट थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण या क्लबने देशाला खेळण्याची एक पद्धतच दिली. सिरिल टॉवर्ससारख्या जुन्या खेळाडूंपासून चालत आलेली ती पद्धत ला पेरूज या आदिवासी वस्तीतून आलेल्या मार्क, ग्लेन आणि गॅरी या एला बंधूंनी कळसाला नेली. चढाईची सूत्रे हलवणाऱ्या फ्लाय-हाफने मागे सुरक्षित अंतरावर न थांबता प्रतिस्पर्ध्याच्या अगदी नाकासमोर उभे राहायचे, समोरच्याला विचार करायलाही वेळ न देता टक्कर होण्याच्या क्षणभर आधी चेंडू साथीदाराकडे सोपवायचा, आणि चेंडू दिल्यानंतर स्वस्थ न बसता मागून वळसा घालून तोच चेंडू पुन्हा हाती घ्यायचा, असे तिचे थोडक्यात वर्णन करता येईल. १९८४ च्या ब्रिटन-आयर्लंड दौऱ्यात मार्क एलाने चारही कसोटी सामन्यांत ट्राय केली, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला, आणि ऑस्ट्रेलियाने चारही सामने जिंकले. १९८८ मध्ये न्यूझीलंडचा विश्वविजेता संघ या उपनगरी मैदानावर रँडविकविरुद्ध खेळायला आला आणि त्याला २५–९ असा विजय मिळाला खरा, पण एखाद्या क्लबने ऑल ब्लॅक्सशी सामना खेळावा हेच आज स्वप्नवत वाटते. बॉब ड्वायर, एडी जोन्स, युएन मकेंझी आणि मायकल चेका हे वॉलबीजचे चार प्रशिक्षक याच एका क्लबातून आले.

ड्वायर यांची एक निवड तर क्लब आणि राष्ट्रीय संघ यांच्यातला धागा किती घट्ट होता याचा पुरावाच आहे. १९८९ मध्ये त्यांनी फिल कर्न्स या हुकरला, म्हणजे स्क्रमच्या पुढच्या फळीत मधोमध खेळणाऱ्याला, वॉलबीजमध्ये घेतले तेव्हा कर्न्स रँडविकच्या दुसऱ्या ग्रेडमध्ये खेळत होता आणि पहिल्या ग्रेडचा हुकर होता एडी जोन्स. दुसऱ्या ग्रेडचा सामना पाहून थेट राष्ट्रीय संघाचा खेळाडू निवडायला माणूस मुळात त्या मैदानाच्या कडेला उभा असावा लागतो. कर्न्स पुढे १९९१ आणि १९९९ असे दोन्ही विश्वचषक जिंकणाऱ्या संघांत होता.

आता मधल्या पायरीविषयी. सुपर रग्बी १९९६ मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून ऑस्ट्रेलियन संघांनी ती चार वेळा जिंकली: कॅनबेराच्या ब्रंबीजने २००१ आणि २००४ मध्ये, क्वीन्सलँडच्या रेड्सने २०११ मध्ये आणि वाराटाजने २०१४ मध्ये. त्या शेवटच्या अंतिम सामन्याला होमबुशवर ६१,८२३ प्रेक्षक होते आणि बर्नार्ड फोलीने अखेरच्या मिनिटाला मारलेल्या पेनल्टीने ३३–३२ असा निकाल लावला. त्यानंतर दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, हाच वाराटाज गुणतालिकेत तळाला होता. मूर पार्कचे नवे स्टेडियम उत्तम आहे, आसनांवरून मैदान स्वच्छ दिसते, खेळाचा वेगही क्लबपेक्षा निश्चितच जास्त आहे. परंतु अर्ध्या रिकाम्या स्टेडियमवर ध्वनिक्षेपकाने टाळ्या वाजवायची आठवण करून द्यावी लागते, तेव्हा प्रेक्षकाला आपण पाहुणे असल्यासारखे वाटते. कॅनबेराला जाणे जमत असेल तर ब्रंबीजचा सामना मात्र अवश्य पाहावा. सिडनी आणि ब्रिस्बेनला नको असलेल्या खेळाडूंतून उभा राहिलेला हा संघ तीन दशके सातत्याने चांगला खेळत आला आहे, आणि त्याचा लाइनआउटनंतरचा मॉल, म्हणजे चेंडू मधोमध लपवून एकजुटीने पुढे सरकणारा घोळका, आजही प्रतिस्पर्ध्यांना सहज थोपवता येत नाही.

पोहऱ्याची भोके याच पायरीवर दिसतात. २०१७ मध्ये पर्थच्या वेस्टर्न फोर्सला स्पर्धेतून काढले आणि पुढे पुन्हा घेतले. मेलबर्न रेबेल्स हा संघ २०२४ च्या आरंभी दोन कोटी डॉलरहून अधिक कर्जासह दिवाळखोरीत गेला आणि त्याच हंगामानंतर बंद झाला. त्याचा तरुण फ्लाय-हाफ कार्टर गॉर्डन लीगकडे गेला आणि मग परतला. क्लब आणि सुपर रग्बी यांच्यामधली दरी भरून काढण्यासाठी २०१४ मध्ये सुरू केलेली नॅशनल रग्बी चॅम्पियनशिप २०१९ नंतर गुंडाळण्यात आली. परिणामी क्लबात गाजणाऱ्या बाविशीतल्या मुलाला व्यावसायिक खेळात शिरायला दोनच वाटा उरतात: सुपर रग्बीच्या मोजक्या जागांपैकी एखादी, नाहीतर परदेश.

या सगळ्याची किंमत शेवटी वॉलबीजला मोजावी लागते. २०२३ च्या विश्वचषकासाठी एडी जोन्स यांनी मायकल हूपर आणि क्वेड कूपर या अनुभवी खेळाडूंना वगळले आणि फ्लाय-हाफच्या जागी जवळजवळ सगळी भिस्त नवख्या गॉर्डनवर ठेवली. फिजीने २२–१५ असे हरवले, वेल्सने ४०–६ असे लोळवले, आणि ऑस्ट्रेलिया इतिहासात प्रथमच साखळीतच बाद झाला. त्यांच्यानंतर प्रशिक्षक झालेल्या जो श्मिट यांनी २०२४ पासून घडी बरीच बसवली, हे मान्य केलेच पाहिजे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर ०–२२ अशा पिछाडीवरून वॉलबीजने विश्वविजेत्या दक्षिण आफ्रिकेला ३८–२२ असे नमवले, तेव्हा माझ्यासारख्या जुन्या चाहत्यांना रात्रभर झोप लागली नाही. परंतु त्या सामन्यात फ्लाय-हाफ कोण होता? पस्तीस वर्षांचा जेम्स ओकॉनर, ज्याने २०१३ मध्ये लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक संघाविरुद्ध हीच जागा सांभाळली होती. बारा वर्षांत देशाला या जागेसाठी हमखास असा एक खेळाडू तयार करता आला नाही, ही गोष्ट विजयाच्या आनंदातही खटकत राहते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात इटलीकडून २६–१९ असा पराभव झाला.

लीगमधून जोसेफ सुआलीला आणण्यासाठी, वृत्तपत्रांतले आकडे खरे मानले तर, सुमारे पन्नास लाख डॉलर मोजण्यात आले. मुलगा विलक्षण आहे. ट्विकनहॅमवर इंग्लंडला ४२–३७ असे हरवताना पदार्पणातच त्याने हवेतल्या प्रत्येक चेंडूवर हक्क सांगितला होता. तरीही तेवढ्या पैशांत खालच्या पायऱ्यांवर किती प्रशिक्षक नेमता आले असते, हा प्रश्न मला पडतोच. पश्चिम सिडनीत मेरीलँड्सच्या ग्रॅनव्हिल पार्कवर ‘टू ब्लूज’ हा क्लब खेळतो, जो १८७९ पासूनच्या पॅरामाटा क्लबचाच वारसा आहे. पॅसिफिक बेटांवरून आलेल्या कुटुंबांची दणकट मुले तिथे भरपूर आहेत. मात्र त्या भागात लीगचे मोठे क्लब शाळेपासूनच मुलांवर लक्ष ठेवून असतात आणि युनियनची नजर अजूनही बंदराजवळच्या खासगी शाळांवर खिळलेली आहे. हॅरिस पार्क, वेस्टमीड या भागांत राहणाऱ्या आपल्या लोकांना हे मैदान गाडीने हाकेच्या अंतरावर आहे. कूजीला जाणे लांब वाटत असेल तर मुलांना घेऊन तिथे जावे.

कसोटी सामन्याचा अनुभव म्हणून होमबुशला किती गुण द्यावेत? वातावरणाला पाचपैकी चार, दृश्याला दोन. वरच्या मजल्यावरून चढाईची संपूर्ण रचना, किकनंतर मागे पडलेली मोकळी जागा, बचावाची रांग हे सगळे नकाशासारखे दिसते, हा मोठा फायदा. पण रकमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूसाठी होणाऱ्या रेटारेटीत, चेंडू कोणी अडवला हे मोठ्या पडद्यावर पाहिल्याखेरीज कळत नाही, आणि व्हिडिओ पंचांकडे निर्णय गेला की हजारो माणसे नुसती एकमेकांची तोंडे पाहत बसतात. याच मैदानावर २००० साली १,०९,८७४ प्रेक्षकांसमोर ऑस्ट्रेलियाने पहिल्या काही मिनिटांतली ०–२४ ही पिछाडी भरून काढली होती आणि शेवटच्या क्षणी जोना लोमूच्या ट्रायने न्यूझीलंड ३९–३५ असे जिंकले होते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यातला ब्लेडिस्लो चषक २००३ पासून न्यूझीलंडकडेच आहे, त्यामुळे त्या सामन्याचे महागडे तिकीट काढताना निकालाची आशा थोडी आवरती ठेवलेली बरी. लायन्सचा संघ दर बारा वर्षांनी येतो. २०२५ च्या मालिकेत मेलबर्नला नव्वद हजारांवर प्रेक्षकांसमोर २३–५ अशी आघाडी घेऊनही वॉलबीज २९–२६ असे हरले, आणि सिडनीतला तिसरा सामना विजांमुळे थांबवावा लागला, तरी तो २२–१२ असा जिंकला.

२०२७ चा पुरुषांचा विश्वचषक ऑस्ट्रेलियात आहे, १ ऑक्टोबरला पर्थमध्ये सुरू होऊन १३ नोव्हेंबरला सिडनीत अंतिम सामना होईल आणि प्रथमच चोवीस संघ खेळतील. वॉलबीजच्या सामन्यांच्या तिकिटांसाठी झुंबड उडणार हे उघड आहे. माझा सल्ला असा की ज्याला खेळ समजून घ्यायचा आहे त्याने फिजी, सामोआ, जॉर्जिया अशा संघांचे साखळी सामने निवडावेत, जिथे तिकीट तुलनेने सहज मिळते आणि स्क्रमची रंगतही कमी नसते. त्याआधीचे दोन हिवाळे शूट शिल्डला द्यावेत. क्लबांचा हंगाम शरदात सुरू होऊन हिवाळा संपता संपता अंतिम सामना होतो, प्रवेशमूल्य नाममात्र असते, आणि मुलांना सामन्यानंतर मैदानात उतरून चेंडू लाथाडायला कोणी अडवत नाही. जाताना जाड स्वेटर न्यावा. कूजीचा वारा उन्हातही बोचतो.