सबवूफर घेतला आणि दोन महिने खोलीशी भांडलो

माझे पुढचे दोन्ही स्पीकर बुकशेल्फ प्रकारचे, म्हणजे फळीवर मावतील एवढे; त्यांतला खालचे सूर वाजवणारा वूफर पाच इंची. आवाज स्वच्छ, पण डग्गा नुसता 'टप्' व्हायचा, घुमारा गायब. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, एवढ्याशा वूफरला ती झेपणार कशी? म्हणून आठ महिन्यांपूर्वी दहा इंची सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा वेगळा स्पीकर, घेतला; तोही सीलबंद, पूर्ण बंद पेटीचा. पोर्टवालाही (पेटीला हवेचं भोक असलेला) त्याच वर्गात मिळत होता आणि तो अजून खाली उतरतो, हे माहीत होतं. पण माझी खोली लहान आणि सिनेमापेक्षा गाणी जास्त, म्हणून सीलबंद. त्या निर्णयाचा आजवर पश्चात्ताप नाही.

पश्चात्ताप पहिल्या दोन महिन्यांचा आहे. सब आणला, टीव्हीशेजारचा कोपरा रिकामा होता तिथे ठेवला, केबल लावली, नॉब अर्ध्याच्या वर फिरवला. पहिल्या दिवशी घरभर खूश. चौथ्या दिवशी डोकं दुखायला लागलं. प्रत्येक गाण्यात एकच सूर दणदणायचा आणि बाकीचे त्याच्यामागे लपायचे. मला वाटलं, पीसच खराब आहे. परत करायच्या बेतात होतो.

मग एका रविवारी मोबाइलवरून ४० हर्ट्झचा नुसता टोन लावला आणि खोलीत चालत सुटलो. सोफ्यावर, म्हणजे मागच्या भिंतीला टेकून, कानावर दाब येत होता. खोलीच्या मधोमध आलो तर आवाज जवळजवळ संपला. दोन पावलं पुढे, परत आला. सब तोच, टोन तोच. ४० हर्ट्झची लाट साधारण २८ फुटांची, आणि माझी खोली १४ फूट लांब, बरोब्बर निम्मी. अशा वेळी समोरासमोरच्या भिंतींपाशी दाब साठतो आणि मध्यावर तो नाहीसा होतो. मी सब एका टोकाला, तेही कोपऱ्यात ठेवला होता आणि बसत होतो दुसऱ्या टोकाला. दणदणाट होणार नाही तर काय!

त्यानंतर जे केलं ते बघून घरच्यांनी हात जोडले. सब उचलून सोफ्यावर, माझ्या बसायच्या जागी ठेवला. बेस गिटारची चढती-उतरती ओळ असलेलं गाणं पुन्हा पुन्हा लावलं आणि मी भिंतीकडेने रांगत सुटलो, कान सबच्या उंचीवर ठेवून. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथे सब ठेवायचा, अशी ही जुनी युक्ती. जागा सापडली उजव्या भिंतीला, समोरच्या भिंतीपासून पाचेक फुटांवर. तिथे नेल्यावर दणदणाट निम्म्याहून कमी झाला. त्या जागी बुटांचं कपाट होतं. त्याची पुढची कहाणी सांगत नाही.

पण जागा बदलताच नवीन भानगड: बातम्या लावल्या की निवेदकाचा आवाज उजवीकडून यायचा. रिसीव्हरने, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या अॅम्प्लिफायरने, आपोआप सेटिंग करताना क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबकडे जातात ती सीमा) १२० हर्ट्झवर ठेवला होता. ८० च्या खालचे आवाज कुठून येतात हे कानाला सहसा ओळखता येत नाही. १२० च्या आसपास मात्र पुरुषी आवाजाचा पाया असतो, आणि तो सबमधून आला की लगेच कळतं. ८० केलं, निवेदक पडद्यावर परतला. आणि हो, सबच्या पाठीमागचा स्वतःचा लो-पास नॉब (ठरावीक सीमेच्या वरचे सूर कापणारा) पूर्ण वर फिरवा किंवा एलएफई स्थितीत ठेवा, म्हणजे सब स्वतः काही कापत नाही. माझा ६० वर राहिला होता. रिसीव्हर आणि सब दोघेही कात्री चालवत होते आणि मधला पट्टा कुणाच्याच वाट्याला येत नव्हता. स्पीकर रिसीव्हरमध्ये 'स्मॉल' ठेवायचे, म्हणजे त्यांचे खालचे सूर सबकडे जातात, मग ते दिसायला कितीही मोठे असोत.

मग फेज, म्हणजे सब आणि स्पीकर एकाच तालात हलतात की उलट, ते जुळवायला मुलीला सबच्या स्विचजवळ बसवलं, मी सोफ्यावर, ८० हर्ट्झचा टोन चालू.
"आता?"
"कमी झाला."
"बाबा, मग मघाचाच होता ना बरा?"
मघाचाच होता. स्विचच्या ० आणि १८० अंश या दोन स्थितींपैकी जिथे टोन मोठा, ती बरोबर. तिथे सब आणि स्पीकर एकमेकांना साथ देतात. दोन मिनिटांचं काम, पण एकट्याने नीट होत नाही.

अंतराच्या सेटिंगवर मी स्वतःहून माती खाल्ली. रिसीव्हरने सबचं अंतर १२ फूट दाखवलं. टेपने मोजलं तर ७. मशीन मूर्ख आहे असं ठरवून मी ७ केलं आणि आठवडाभर बेस पातळ का वाटतोय म्हणून डोकं खाजवत बसलो. सबच्या आतल्या प्रक्रियेला वेळ लागतो, तो उशीर रिसीव्हर अंतराच्या हिशेबात धरतो. ते वरचे पाच फूट म्हणजे साडेचार मिलिसेकंद. तो आकडा बदलू नका.

रिसीव्हरने सबसाठी ठरवलेल्या लेव्हलचा (आवाजाच्या पातळीचा) आकडा मात्र जरूर बघा. माझ्याकडे उणे १२ डेसिबल आला होता, म्हणजे रिसीव्हरला आणखी खाली जाताच येत नव्हतं. सबचा नॉब खाली घेऊन परत मोजणी केल्यावर उणे ४ आला. त्यावर मी चवीपुरता दोन डेसिबल वाढवला आहे.

तक्रारी आहेतच. ऑटो स्टँडबाय, म्हणजे आवाज नसला की सबने आपोआप बंद होणं, हा प्रकार कामाचा नाही. रात्री हळू आवाजात ऐकत असलो की सब झोपी जातो, आणि एखादा ठोका मोठा आला की दचकून उठतो. मी तो कायम 'ऑन' ठेवतो. मध्ये एकदा सतत 'हूंऽऽ' ऐकू यायला लागलं. सेट-टॉप बॉक्सची केबल काढली की गप्प, लावली की सुरू. ग्राउंड लूप निघाला, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून केबलवाटे फिरणारा नको तो प्रवाह. केबलच्या वाटेत तो प्रवाह तोडणारा आयसोलेटर लावल्यावर आवाज थांबला. अशा वेळी अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला काही जण देतात. तो अजिबात ऐकू नका, जिवाशी खेळ आहे. काचेच्या कपाटाचं दारही थरथरायचं. टोन हळूहळू वर नेत हाताने एकेक वस्तू दाबत गेलो तेव्हा सापडलं; आत फेल्टचे दोन तुकडे चिकटवले. सबखालच्या रबरी पॅडने फरशीची थरथर कमी झाली, पण खालच्या मजल्यावर आवाज जायचा तो जातोच. दहानंतर मी सबची लेव्हल उतरवतो.

आता मिळालं काय? डग्ग्यावर तळवा घासत नेला की तो सूर वळताना ऐकू येतो. स्पीकरवरचा खालचा भार गेल्यामुळे गायकाचा गळाही मोकळा वाटतो, याची मला अपेक्षा नव्हती. जुन्या ध्वनिमुद्रणांत काडीचा फरक नाही. तिथे खाली काही नोंदलेलंच नाही. पाहुणे विचारतात, सब चालू आहे का? मी बंद करून दाखवतो, मग कळतं.

एक खोट राहिली आहे. सोफ्याच्या डाव्या टोकाला, मुलीच्या जागी, ६० हर्ट्झच्या आसपास खड्डा आहे, म्हणजे ते सूर तिथे जवळजवळ ऐकूच येत नाहीत. इक्वलायझरने (ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगने) तिथे ताकद वाढवून पाहिली. खड्डा तसाच, सब मात्र धापा टाकायला लागला. यावर उपाय दुसरा सब, आणि त्याला चालेल अशी एकच जागा मला दिसते. सध्या तिथे बुटांचं कपाट आहे.