चौदाव्या आर्मीची ढाल आणि माझे २५,८५० रुपये

पैसे परत येणार नाहीत हे कळून चुकलंय, म्हणून लिहितोय. हसायचं तर हसा, बायकोचं हसून झालंय.

दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय डिव्हिजनांचे कापडी बिल्ले मी नऊ वर्षं जमवतोय. नवखा नाही, हेच जास्त झोंबतं. विकणारा दर वाक्याला 'दादा' म्हणायचा. त्याचे आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये. १९४१ साली एरिट्रियातल्या केरनला लढले, पुढे इटलीत, व्हिक्टोरिया क्रॉसवाल्या यशवंत घाडगेंच्या पलटणीत. "माणगावचा पुतळा पाहिलाय ना दादा?" पाहिलाय हो! तिथंच विरघळलो.

ट्रंकेतून निघाले म्हणे चार बिल्ले : पाचव्या डिव्हिजनचा काळ्यावर लाल गोळा, चौथ्याचा लाल गरुड, सतराव्याचं काळं मांजर आणि चौदाव्या आर्मीची ढाल. १८,५०० रुपये. वर 'विम्यासह कुरिअर' १,१५०. दोन दिवसांनी खांद्यावरची पट्टी, ६,२००.

आता सांगा, इटलीत लढलेल्याच्या ट्रंकेत ब्रह्मदेशातल्या चौदाव्या आर्मीची ढाल कशी? हा प्रश्न मला फोनवरच पडला होता. विचारलाही. आणि उत्तर कोणी दिलं? मीच! "बदली झाली असेल." तो नुसता "हो ना दादा" म्हणाला. भरतकाम ओबडधोबड होतं, पण तेव्हा बरेच बिल्ले इथल्याच बाजारात शिवले जायचे, ते तसेच असतात. म्हणजे मी अगदीच आंधळा नव्हतो.

पाकीट उघडलं तर चहाचा वास. चारही बिल्ल्यांवर डाग एकाच कोपऱ्यात. फोटो मागाल तेव्हा पाठीमागचा मागा, उजेडात काढलेला. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली दोरा निळसर-पांढरा चमकला. कापडाला तशी झळाळी देणारी रसायनं सर्रास आली ती युद्धानंतर. (आजच्या साबणपावडरीत धुतलेला अस्सल तुकडाही चमकतो, त्यामुळे एकट्या टॉर्चवर जाऊ नका.) सुटा धागा जाळून बघा. सुताची राख होते. माझ्या धाग्याची वितळून गोळी झाली, म्हणजे पॉलिस्टर.

चौकीत तीन खेपा. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तात. दुसऱ्यांदा, "चिंध्यांना अठरा हजार?" आणि सगळी चौकी हसली. तिसऱ्यांदा, "माल मिळालाय ना? मग हा दिवाणी मामला." लेखी पोच मागितली तर उद्या या. बँकेचं त्याहून भारी : पिन तुम्हीच टाकलात. अहो, मीच टाकला, फसवलेला माणूस दुसरं काय करतो? तुम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला त्याच तासात फोन करा, मी लाजेपायी अकरा दिवस घालवले.

परवा त्याच ट्रंकेचा फोटो पुन्हा दिसला, ढालीसकट. आजोबा आता ब्रह्मदेशात लढलेत.