ड्रायव्हर सीटचा फोम दुरुस्त करून घेतला, कसं झालं काम ते सांगतो

आधी निकाल सांगतो, काम खूप चांगलं झालंय आणि ज्यांच्या सीटची कड बसलीये त्यांनी वरून नुसतं कव्हर चढवायच्या आधी एकदा फोमचं काम करणाऱ्या कारागिराला सीट उघडून बघायला सांगाच.

माझ्या ड्रायव्हर सीटची दाराकडची कड पार चेपली होती. ही कड सगळ्यात आधी जाते कारण चढता उतरताना आपण दरवेळी तिच्यावरूनच घसरतो. तिथे कव्हर फाटलं, मग आतून पिवळा भुगा पडायला लागला, आणि लांब गाडी चालवली की कंबर एका बाजूला कललेली राहायची, तो त्रास जास्त होता. जो तो म्हणायचा नवीन सीट कव्हर टाक आणि विषय संपव. पण खाली खड्डा तसाच असेल तर वरचं कव्हर आज ना उद्या त्याच जागी सैल पडणार, सुरकुत्या येणार. शिवाय सीटच्या पाठीच्या कडेला साइड एअरबॅग असेल तर तिथली शिवण उघडी न ठेवणारं कव्हर चढवणं सरळ सरळ धोक्याचं, एअरबॅग बाहेर पडायला वाट नको का?

कारागिराची पहिली गोष्ट आवडली ती म्हणजे घाई नाही. आधी बॅटरीचा टर्मिनल काढला, थोडा वेळ थांबला, आणि मगच सीटखालचा पिवळा कनेक्टर सोडवला. पिवळा म्हणजे एअरबॅगचा. कनेक्टर परत जोडेपर्यंत इग्निशन ऑन करायचं नाही, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागतो आणि मग स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट वाचून पुसणारं यंत्र) लावून तो घालवत बसा. हे ज्याला माहीत नाही त्याच्या हातात सीट देऊ नका, फोम कितीही भारी बसवत असला तरी.

मग सीट उलटी करून खालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या फ्रेमवरून सोडवल्या, आतल्या तारेच्या रिंगा कापल्या आणि कव्हर हळूहळू सोलून काढलं. तेव्हा कळलं की खरं नुकसान वरून नाही, खालून झालंय. स्प्रिंग आणि फोमच्या मध्ये जो नमद्याचा (फेल्टसारख्या जाड दाबलेल्या कापडाचा) थर असतो तो कडेला झिजून गेला होता आणि फ्रेमची तार थेट फोममध्ये घुसून त्याला कापत होती. कारागिराने मला बोलावून दोन ठिकाणी अंगठा दाबायला लावला, चांगला फोम लगेच वर आला आणि मेलेल्यात अंगठ्याचा खळगा तसाच राहिला, वर कडा हाताला भुग्यासारख्या लागत होत्या. नमदा न बदलता नुसता वर तुकडा चिकटवला असता तर तो पण असाच कापला गेला असता. हे दाखवलं म्हणून माझा विश्वास बसला.

मेलेला भाग चांगला फोम लागेपर्यंत तिरका कापून काढला, त्या मापापेक्षा किंचित मोठा नवीन तुकडा घेतला, दोन्ही बाजूंना सोल्यूशन, म्हणजे चिकटवायचा गोंद, लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत सुकू दिलं आणि मग एकदाच नेमका बसवला, कारण एकदा टेकला की सरकत नाही. सोल्यूशन जिथे आपण बसतो त्या पृष्ठभागावर येऊ दिलं नाही, ते सुकून कडक होतं आणि बसल्यावर गाठ टोचते. नंतर लांब पात्याच्या सुरीने आणि जाड सँडपेपरने घासून गोलाई आणली, कव्हर खेचणाऱ्या तारेची खाच पण परत तशीच कापली. जोड दिसू नये म्हणून वरून मऊ फोमचा पातळ थर टाकला.

फोम कुठला घ्यायचा यावर दोन शब्द, कारण इथे बरेच जण फसतात. "चाळीस डेन्सिटीचा टाकतो साहेब" एवढं ऐकून खूश होऊ नका. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन, 40 म्हणजे 40 किलो, कडकपणा ही वेगळी गोष्ट आहे, एकाच डेन्सिटीचे दोन फोम एक मऊ एक कडक असू शकतात. जास्त डेन्सिटीचा सहसा जास्त टिकतो, पण कडकपणा जुन्या फोमशी जुळला पाहिजे, म्हणून तुकडा हातात घेऊन दाबून बघायचा. कतरणी चिकटवून बनवलेला रंगीबेरंगी रिबॉन्डेड फोम कडेला खालून आधार म्हणून ठीक, बसायच्या जागी मात्र नको, फार कडक लागतो. सीटसाठी एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे दाबला की लगेच परत वर येणारा) फोमच मागा.

आता तक्रारी. फाटलेल्या जागी टाकलेला कव्हरचा नवीन पट्टा बाकीच्यापेक्षा गडद दिसतो, जुनं कापड उन्हाने उडालेलं असणार हे मान्य, पण आधी सांगायला हवं होतं, मी पूर्ण कडच बदलून घेतली असती. सोल्यूशनचा वास बरेच दिवस गेला नाही, काचा खाली ठेवूनच गाडी चालवली. आणि सांगितलेल्या वेळेला गाडी मिळाली नाही, त्याबद्दल फोनही नाही आला, हे अजिबात आवडलं नाही. नवीन तुकडा सुरुवातीला जरा ताठ लागत होता, तो आता सरावला. कंबर मात्र पहिल्याच लांब ड्राइव्हला सरळ राहिली.

शेजारच्या सीटचं काम करून घेणार असाल तर बऱ्याच गाड्यांत त्या गादीत माणूस बसलाय का हे ओळखणारा सेन्सर असतो, तिथे फोमची जाडी आपल्या मनाने कमी जास्त करू देऊ नका. आणि कडेपुरता नाही तर अख्खा फोमच भुगा झाला असेल तर तुकडे जोडत बसू नका, त्याच मॉडेलची साच्यातली पूर्ण गादी शोधा, नवीन नाही मिळाली तर स्क्रॅपमधल्या सीटची चांगली असेल तीही चालते, फक्त अंगठा दाबून बघून घ्या.