शब्दावर दर की महिन्याचं बांधून?

बेळगावच्या टिळकवाडीत घरी बसून मी कन्नड-मराठी भाषांतर आणि डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावणं, करते. सुरुवातीला सगळं शब्दावर. हिशेब सरळ, आणि गिऱ्हाईक नाही पटलं तर पुढच्या कामाला नाही म्हणायला मोकळी. पण गणपतीआधी अहवाल, पत्रकं एकदम अंगावर येतात आणि पितृपक्षात फोन वाजत नाही.

शिवाय शब्दात कष्ट मोजले जात नाहीत. खानापूरहून एकांनी रात्री १० वाजता जमिनीच्या उताऱ्याचा तिरका फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. खाली, ‘ताई, सकाळी कोर्टात पायजे.’ नुसतं कन्नड अक्षर लावायलाच तास गेला. शब्द भरले १४०!

मग एका छापखान्याचं काम महिन्यावर घेतलं. पैसे ठरल्या तारखेला, झोप शांत. पण ‘जरा एवढं बघा की’ सुरू झालं. श्रीलिपी या टायपिंग सॉफ्टवेअरमधली जुनी फाईल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा अक्षरांत, आणणंही त्या ‘जरा’त. तिथं चूक माझीच. मर्यादा लिहून दिली नव्हती. आता कागदावर आहे: महिन्याला १२ हजार शब्द, दुरुस्ती दोनदा, पुढचं शब्दावर, ७ नंतर फोन नाही.

माझा कौल महिन्याकडे, पण एकाच गिऱ्हाइकाशी. आठवड्यातले दोन दिवस सुट्या कामाला ठेवते. तातडीचं दीडपट दरानं, निम्मे पैसे आधी. आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, दोन्हीकडे उपयोगाची: २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यानं कंपनीला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे चुकते करावे लागतात, नाहीतर व्याज.