भाजीच्या चाळणीतलं नांदरुक, १६ महिन्यांनंतर

बोन्सायसाठी खोड कशात जास्त जाड होतं त्याची ही गोष्ट. जून २०२३ मध्ये एकाच नर्सरीतून नांदरुकाची (वडाच्या जातीचं झाड) तीन रोपं आणली, तिन्ही पेन्सिलीपेक्षा जरा जाड, मातीपासून दोन इंचावर व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावलं तर ११ मिमी. एक हौसेने लगेच बोन्सायच्या उथळ ट्रेमध्ये लावलं, दुसरं भाजी धुवायच्या प्लास्टिकच्या चाळणीत, आणि तिसरं सासवडला आईच्या अंगणात थेट जमिनीत. ऑक्टोबर २०२४ चे खोडाच्या जाडीचे आकडे (मिमीमध्ये) आधीच सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील: ट्रे १४, चाळणी ३१, जमीन ५२.

ट्रेवाल्याचं फार बोलण्यासारखं नाही. दिसतं एकदम गोड, पाहुणे आले की फोटो काढतात, पण खोड काडीच. चूक माझीच, शेंडा दोन इंच वाढला की मी कात्री घेऊन हजर. खोडात दरवर्षी जे नवं लाकूड चढतं ते पानांनी बनवलेल्या अन्नातूनच चढतं ना, मग पानंच कमी ठेवली तर जाडी येणार कुठून.

चाळणीचा फायदा असा की मूळ भोकापाशी आलं की हवा लागून त्याचं टोक सुकतं आणि मागून बारीक फाटे फुटतात, कुंडीत जशी मुळं गोल गोल फिरत बसतात तसं होत नाही. आत विटांचा चुरा, कोळसा आणि थोडंसं शेणखत एवढंच, जपानी माती किलोच्या भावाने घेण्याइतका मी अजून वेडा झालेलो नाही. मुळांच्या खाली मधोमध फरशीचा एक तुकडा ठेवला होता म्हणजे ती खाली न जाता आडवी पसरतील, आणि खरंच पसरली, वरची माती जरा खरवडली की कोंबडीच्या पायासारखी दिसतात.

पण खरी जाडी चाळणीने नाही, बकरीने दिली. खालची एक फांदी अजिबात कापायची नाही, सुसाट वाढू द्यायची, खोड पुरेसं जाड झालं की ती उडवायची, हिला सॅक्रिफाइस ब्रांच म्हणतात, आमच्या घरी बकरी म्हणतात कारण शेवटी बळी तिचाच. बकरी सहा फुटांवर गेली, शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरींना अडकायला लागली, पण तिच्या खालचा खोडाचा भाग नुसता जाड होत सुटला. आधी मी एकाच जागी अशा दोन फांद्या ठेवल्या होत्या, तिथे खोडाला गाठ आली, वर जाड खाली बारीक असा उलटा प्रकार, मग त्यातली एक लगेच काढली. ती गाठ अजून डोळ्यात खुपते.

वाढ मात्र वर्षभर सारखी नाही हे धरून चला. डिसेंबर-जानेवारीत व्हर्नियर जवळपास हललंच नाही, मे महिन्यात जरा जरा, आणि पाऊस सुरू झाल्यावर दोन महिन्यांत जे झालं ते आधीच्या आठ महिन्यांत झालं नव्हतं. पावसाळ्याच्या आधी दर आठवड्याला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं खत) अर्ध्या प्रमाणात देत होतो, त्याचा उपयोग झाला असं वाटतं, पण अर्धं तरी भोकांतून गळून गच्चीच्या फरशीवर गेलं आणि पांढरे डाग पडले ते पडले.

आता तक्रारी. पाणी! एप्रिलमध्ये दिवसातून दोनदा, आणि एकदा लग्नासाठी दोन दिवस नाशिकला गेलो तर परत येईपर्यंत निम्मी पानं खाली, नांदरुक म्हणून वाचलं. दुसरं म्हणजे चाळणी, ४० रुपयांची लाल, पुण्याच्या उन्हात वर्षभरात कडक होऊन हात लावला की तुकडे पडायला लागले. मग ती तशीच्या तशी मोठ्या ग्रो बॅगमध्ये मातीवर बसवली, आणि गंमत म्हणजे मुळं भोकांतून खाली मातीत उतरली आणि वाढ अजून वाढली, ३१ मधले शेवटचे ७ मिमी त्या तीन महिन्यांतले आहेत. गच्चीच्या फरशीवर मात्र असं थेट ठेवू नका, वडाच्या जातीचं झाड आहे, फट दिसली की घुसणार, मग वॉटरप्रूफिंगवाला बोलवा.

जमिनीतलं खोड सगळ्यात जाड, आणि ते पण आईने 'किती माजलंय हे' म्हणून दोनदा कोयत्याने शेंडा उडवलेला असताना. अंगण असेल तर चाळणीच्या भानगडीत पडूच नका. फक्त त्याची मुळं आता कुठवर गेलीत देव जाणे, काढताना कुदळ लागणार.

चाळणीतली बकरी येत्या मे अखेरीस कापणार, म्हणजे पावसात जखम भरून येईल. फांदी १८ मिमी झालीय, चीक भरपूर येणार, जुने कपडे घालून बसायचं. तुम्ही चाळणी घेणार असाल तर सरळ दोन घ्या आणि एकीत एक घाला, एक फुटली तरी दुसरी धरून ठेवते.