ॲक्शन कॅमेरा वेबकॅम म्हणून: काही महिने रोज वापरल्यावर

कपाटात पडून असलेला ॲक्शन कॅमेरा (हेल्मेटवर किंवा सायकलवर लावतात तो छोटा कॅमेरा) वेबकॅम म्हणून लावावा का? माझं उत्तर: आधीपासून असेल तर जरूर लावा, पण फक्त कॉलसाठी नवीन विकत घेऊ नका. मी ऑफिसच्या मीटिंग आणि ऑनलाइन शिकवणी, दोन्हींसाठी तो रोज वापरतोय.

लावण्याआधी एक गोष्ट बघायला हवी. काही कॅमेरे यूएसबीला जोडले की थेट वेबकॅम म्हणून ओळखले जातात. डीजेआयच्या ऑस्मो ॲक्शन ३ मध्ये तसा मोड आहे. गोप्रोने २०२० मध्ये हीरो ८ ब्लॅकला ही सोय दिली, पण त्यासाठी संगणकावर त्यांचं वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर काही इन्स्टॉल करायला परवानगी नसेल तर तिथेच गाडी अडते. केबलही डेटा नेणारी हवी. नुसती चार्जिंगची केबल लावली तर कॅमेरा निवांत चार्ज होत बसतो आणि संगणकाला त्याचा पत्ताच नसतो.

आता चित्राबद्दल. उजेड चांगला असेल तर लॅपटॉपच्या कॅमेऱ्यापेक्षा फरक लगेच दिसतो. फोकस कायमचा ठरलेला असल्यामुळे हात पुढे केला, वही दाखवली तरी लेन्स मागे-पुढे चाचपडत बसत नाही. मात्र वही अगदी लेन्सला भिडवली की अक्षरं पुसट होतात, हातभर अंतर ठेवावं. लेन्स रुंद आणि सेन्सर लहान असल्यामुळे मागची भिंतही चेहऱ्याइतकीच स्पष्ट दिसते. पार्श्वभूमी छान धूसर होईल अशी आशा असेल तर ती सोडा. लहान सेन्सरमुळेच संध्याकाळी दिवा नीट नसेल तर चित्रात दाणे येतात. समोरून पडणारा एक साधा टेबल लॅम्प जो फरक पाडतो, तो महागड्या मॉडेलनेही पडत नाही. शिवाय कॉलचं ॲप चित्र दाबूनच पुढे पाठवतं, तेव्हा ४के वगैरेचा इथे काही उपयोग नाही.

वाइड मोडमध्ये कॅमेरा जवळ ठेवला की नाक मोठं आणि कान गायब! लिनियर (रेषा सरळ ठेवणारा) किंवा नॅरो (अरुंद दृश्याचा) मोड ठेवा आणि कॅमेरा जरा लांब सरकवा. पण हीच रुंद नजर शिकवताना कामाला येते. छोट्याशा खोलीतही अख्खा फळा चौकटीत मावतो. हाताने वाकवता येणाऱ्या स्टँडवर कॅमेरा उलटा टांगून कागदावरची गणितं वरून दाखवतो, तेव्हा मुलांना पेनाचं टोक कुठे चाललंय ते दिसतं. (स्वतःच्या पडद्यावर फळ्यावरची अक्षरं उलटी दिसली तर घाबरू नका, बहुतेक ॲप फक्त आपल्यालाच आरसा दाखवतात.) खरं सांगायचं तर शिकवणी नसती तर हा खटाटोप मी आठवडाभरात गुंडाळला असता.

आवाजाची मात्र बोंब. माझ्या कॅमेऱ्याचा माइक वेबकॅम मोडमध्ये चालतच नाही, वेगळा माइक लावावा लागतो. आणि चित्र किंचित उशिरा पोचत असल्यामुळे शब्द आधी, ओठ नंतर. ओबीएस या रेकॉर्डिंग-स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाला मिलिसेकंदांच्या हिशेबाने उशीर देता येतो, पण त्याचा व्हर्च्युअल कॅमेरा (कॉलच्या ॲपला कॅमेऱ्यासारखा दिसणारा) फक्त चित्र नेतो, आवाज कॉलपर्यंत न्यायला ‘व्हर्च्युअल ऑडिओ केबल’ नावाचं आणखी एक सॉफ्टवेअर बसवावं लागतं. एवढं करून रोज सकाळी काहीतरी एक बिघडलेलं असायचं, म्हणून मी तो नाद सोडला. समोरच्यांपैकी कुणी आजवर तक्रार केलेली नाही.

उष्णतेकडे लक्ष ठेवा. हे कॅमेरे वारा लागत असताना चालायला बनवलेले, टेबलावर स्थिर ठेवले की हात लावून कळेल इतके तापतात. मी वॉटरप्रूफ केस काढतो, स्क्रीन बंद ठेवतो आणि बॅटरीही काढून ठेवतो. माझं मॉडेल केबलच्या विजेवर चालतं, तुमचं चालतं का ते तपासून घ्या. बॅटरी आत ठेवून तासन्‌तास जोडून ठेवली तर तापून तिचं आयुष्य कमी होतं. लांबलेल्या मीटिंगमध्ये कॅमेरा मध्येच बंद पडायचा प्रकार बॅटरी काढायला लागल्यापासून थांबला. लॅपटॉपचा कॅमेरा तरीही दुसरा पर्याय म्हणून ॲपमध्ये निवडून बघून ठेवलेला असतो, महत्त्वाच्या कॉलला तर नक्कीच.